जुने रूलिंग पेन पुन्हा चालते कसे करावे

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात आजोबांच्या ट्रंकेतून मखमलीची ड्रॉइंग पेटी निघाली, की कंपास-डिव्हायडर पुसून बहुधा चालतात. अडते ते रूलिंग पेन, पट्टीला लावून शाईची रेघ ओढायचे. दोन पोलादी पाती आणि त्यांतली फट कमीजास्त करणारा स्क्रू, एवढेच ते. पण टोक बिघडले की रेघ फाटते.

आधी स्क्रू बघा. जाम असेल तर पक्कड लावू नका, आटे जातात. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. मग वाळलेली शाई काढा. जलरोधक शाईत लाख असते, ती नुसत्या पाण्याला दाद देत नाही. पाण्यात थोडा अमोनिया घालून फक्त पोलादी टोक १०-१५ मिनिटे बुडवा. दांडी बहुधा जर्मन सिल्व्हरची, म्हणजे नावाला चांदी. आत तांबे, निकेल आणि जस्त. अमोनिया तांब्याला खातो, म्हणून ती कोरडीच राहू द्या.

आता धार. पाती जेमतेम टेकतील इतका स्क्रू आवळा. बारीक ऑइलस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) तेल टाकून पेन उभे धरा आणि मागेपुढे ओढताना ३० अंश एका बाजूला, ३० अंश दुसऱ्या बाजूला झुलवा. दोन्ही टोके सारख्या लांबीची आणि गोलसर होतात, पण बोथटही. जळगावच्या कुठल्याही सोनाराकडे असते तसल्या भिंगातून पाहिले तर टोकावर चमकता ठिपका दिसेल. पाती उघडून एकेक पाते फक्त बाहेरच्या अंगाने घासा. ठिपका मावळला की थांबा. पुढे गेलात तर पेन कागद कापते. आतल्या अंगाला दगड लावायचाच नाही. घासून धातूची बारीक कड आत वळलेली उरली तर जाड कागदाची पट्टी फटीतून ओढा.

शाई ड्रॉपरने पात्यांमध्ये भरा, ५-६ मिलिमीटर उंच. जास्त भरली तर डाग पडतो. पात्यांची बाहेरची बाजू ओली राहिली तर शाई पट्टीखाली शिरते. रेघेची एकच कड खरबरीत आली तर एक पाते लांब राहिले आहे; पुन्हा दगडावर. मे महिन्यात पंख्याखाली शाई टोकातच सुकते, तेव्हा चार-पाच रेघांनंतर पुसून नवी भरा.

ठेवताना स्क्रू सैल करा, पावसाळ्याआधी पात्यांना तेलाचा हात फिरवा. पेटीत हस्तिदंती पट्टी निघाली तर ती उन्हापासून जपा, कोरड्या धगीने तडकते. आणि विकायच्या फंदात पडू नका, वन्यजीव कायद्याने हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.