पर्सनल लोन मुदतीआधी फेडायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

बोनस खात्यात पडला की हात शिवशिवतात. ॲप उघडावं आणि लोनवर ५० हजार मारून मोकळं व्हावं असं वाटतं. थांबा जरा. पैसे भरणं हे या यादीतलं सगळ्यात सोपं काम आहे. मी त्याच्या आधीचं सगळं नीट केलं होतं, नंतरचं एकच राहिलं आणि त्या एकापायी बोनस वाया गेल्यात जमा झाला. ते एक म्हणजे नवं शेड्यूल, पैसे भरल्यावर बँकेकडून मागवायचा हप्त्यांचा सुधारित तक्ता. आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते इतक्यांदा येणार आहे की तुम्ही वैतागाल. वैतागा, पण करा.

सुरुवातीला सगळी देणी एका कागदावर घ्या. पर्सनल लोन, मोबाइलचा हप्ता, क्रेडिट कार्ड, ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज, भिशीचा आधीच उचललेला नंबर, मामाकडून घेतलेले पैसे. मामाचे लिहाच. बिनव्याजी देणं आपण विसरतो, मामा विसरत नाही, आणि ते त्याला नेमकं कुणाच्या तरी लग्नात आठवतं. प्रत्येकासमोर बाकी मुद्दल, दर, हप्त्याची तारीख आणि उरलेले हप्ते.

दराच्या रकान्यात एजंटने तोंडी सांगितलेला आकडा लिहू नका. ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ हे ऐकायला गोड लागतं. १ लाखावर ३ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे ३० हजार व्याज. पण मुद्दल तुम्ही दर महिन्याला थोडं थोडं परत करत असता आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर देत असता. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. लोन १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं असेल तर तुम्हाला की फॅक्ट स्टेटमेंट (लोनच्या दराचा-अटींचा सारांश) मिळालेलं असणार, रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचं केलंय. त्यात एपीआर असतो, म्हणजे प्रोसेसिंग फी वगैरे धरून पडणारा खरा वार्षिक दर. तो लिहा. आणखी एक, त्या कागदात न दाखवलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. मेलमध्ये शोधा, स्पॅममध्येही बघा. त्यालाच जोडून हप्त्यांचं शेड्यूल असतं. त्याची पीडीएफ आजच सेव्ह करा, नाव द्या ‘जुनं शेड्यूल’. नवं येईल तेव्हा शेजारी लावून बघायला लागेल.

आता ते शेड्यूल एकदा वाचा. कुणी वाचत नाही. ५ लाखांचं लोन, १४ टक्के, ५ वर्षं असं धरलं तर हप्ता येतो ११,६३४ रुपये. पहिल्या हप्त्यातले ५,८३३ व्याजात जातात, मुद्दल उतरतं ५,८०१ ने. वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरलेत, म्हणजे १ लाख ३९ हजारांवर पैसे गेले, तरी मुद्दल कमी झालं फक्त ७४ हजारांनी. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून जादा पैसे टाकायचे ते लवकर, पहिल्या दोन-अडीच वर्षांत. शेवटाकडे टाकलेल्या पैशाला फारसा अर्थ उरत नाही.

मग तुमच्या बँकेचे मुदतपूर्व फेडीचे नियम. काही ठिकाणी पहिले ६ किंवा १२ हप्ते पार्ट पेमेंट, म्हणजे मुद्दलाचा काही भाग एकदम, घेतच नाहीत, काही ठिकाणी वर्षातून किती वेळा आणि किती रक्कम यावर मर्यादा असते. आकार फेडलेल्या रकमेच्या साधारण २ ते ५ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. रिझर्व्ह बँकेचा नवा नियम ऐकला असेल: १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, फ्लोटिंग (बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या) दराच्या, धंद्यासाठी नसलेल्या वैयक्तिक कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा आकार लावायचा नाही. उड्या मारू नका. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड दराची असतात, त्यांना तो लागू नाही. तुमचं कुठलं ते मंजुरीपत्रात बघा, व्हॉट्सॲपवर नाही.

आकार आहे म्हणून फेडायचंच नाही असंही नव्हे. वरच्याच लोनवर वर्षानंतर ५० हजारांचं पार्ट पेमेंट केलंत आणि ३ टक्के आकार लागला तर जीएसटीसकट १,७७० रुपये जातील. वाचणारं व्याज ३४ हजारांच्या घरात आहे. याउलट शेवटचे ६ हप्ते राहिले असताना लोन बंद करायला जाल तर उरलेलं व्याज जेमतेम २,७६४ रुपये आणि ४ टक्क्यांनी आकार जीएसटीसकट ३,१६४. तिथे घाई करणं म्हणजे हौसेचा खर्च. गप हप्ते भरा.

हाताशी दोन-तीन महिन्यांचा खर्च ठेवा, तो लोनमध्ये ओतू नका. नोकरी गेली किंवा घरात कुणी दवाखान्यात गेलं तर बँक तुमचे भरलेले पैसे परत देणार नाही, मग तुम्ही पुन्हा कार्ड घासाल. त्याच्या वर एफडी असेल तर मोडा. ६-७ टक्के मिळवत १४ टक्के भरण्यात कसली आलीय बचत? आई म्हणेल एफडी मोडू नकोस, तिला हिशेब दाखवा. पीएफला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही.

आधी कुठलं फेडायचं? कार्ड. क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर पर्सनल लोनचा विचारही करू नका. कार्डाचं व्याज महिन्याला ३ ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५, वर त्या व्याजावर जीएसटी. ‘मिनिमम ड्यू’ भरलं की लेट फी टळते, व्याज टळत नाही. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्ड साफ झालं की उतरत्या दराने चढत्या चिकाटीने पुढे. सगळ्यात छोटं लोन आधी संपवून बघितलं की हुरूप येतो असं सांगणारे भेटतील. हुरूप येत असेल तर करा, माझी हरकत नाही, पण त्या हुरुपाची किंमत व्याजात मोजलेली असू द्या.

पैसे आणायचे कुठून हे तुम्हाला माहीत आहे: दिवाळीचा बोनस, इन्कम टॅक्सचा रिफंड, भिशीचा नंबर, एप्रिलची पगारवाढ. पगारवाढीबद्दल एवढंच की वाढलेल्या रकमेचा मोठा भाग पहिल्याच महिन्यापासून वेगळ्या खात्यात वळवा. दोन महिने हातात खेळू दिलात तर तो खर्चात मुरतो. पार्ट पेमेंटला बहुतेक ठिकाणी किमान रक्कम लागते, तेव्हा दर महिन्याला दोन-दोन हजार लोन खात्यात ढकलू नका. साठवा आणि एकदम भरा. दोन-दोन हजार ढकलल्याने काय होतं ते आता सांगतो.

लोन खात्यात जास्तीचे पैसे गेले म्हणून मुद्दल कमी होतंच असं नाही. काही बँकांत रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात, तिथे होतं. पण बऱ्याच ठिकाणी, विशेषतः फायनान्स कंपन्यांत, तुम्ही न सांगता टाकलेली रक्कम ‘एक्सेस’ किंवा ‘ॲडव्हान्स’ म्हणून पडून राहते. पुढचे हप्ते त्यातून वळते होतात, व्याज मात्र जुन्याच मुद्दलावर जुन्याच शेड्यूलप्रमाणे चालू राहतं. म्हणजे तुम्ही बँकेला ५० हजार बिनव्याजी वापरायला दिलेत. माझं हेच झालं. पुढचे काही हप्ते बचत खात्यातून कापले गेले नाहीत तेव्हा मला वाटलं, वा, लोन उतरतंय की! कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडचा मुलगा तीनदा म्हणाला, ‘सर, अमाउंट रिसीव्ह झालेली आहे.’ झालीच होती. कुठल्या रकान्यात झाली हे मी विचारलं नाही आणि नवं शेड्यूल मागितलं नाही.

तेव्हा ॲपमध्ये ‘पे ओव्हरड्यू’, ‘पे ॲडव्हान्स ईएमआय’ आणि ‘पार्ट पेमेंट’ अशी वेगवेगळी बटणं असतील तर शेवटचंच दाबायचं. ते दिसत नसेल तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, शिक्का मारलेली. ॲपमधून भरलंत तरी त्याच दिवशी मेल टाकायचा. मजकूर साधा: ‘माझ्या लोन खात्यात आज ५०,००० रुपये पार्ट पेमेंट म्हणून भरले आहेत, व्यवहार क्रमांक सोबत देत आहे. ही रक्कम ॲडव्हान्स हप्ता म्हणून न धरता मुद्दलात वळती करावी, हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी आणि सुधारित शेड्यूल पाठवावं.’ बँकेला इंग्रजी लागत असेल तर इंग्रजीत लिहा, पण हे तिन्ही मुद्दे त्यात हवेत.

मधला मुद्दा, ‘हप्ता तोच, मुदत कमी’, हा विसरलात तर बँक तिच्या सोयीने हप्ता कमी करून देऊ शकते. दर महिन्याला हजार-दीड हजार कमी जातात म्हणून आपल्यालाही बरं वाटतं. वरच्या उदाहरणात हप्ता कमी करून मुदत तीच ठेवली तर व्याज वाचतं साडेपंधरा हजार, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर ३४ हजार. पैसे तेच, दिवस तोच, फक्त अर्जातली एक ओळ वेगळी. घर चालवायलाच अडचण असेल तर हप्ता कमी करा, त्यात लाज नाही. एरवी मुदत.

आणि मग शेड्यूल. नवं शेड्यूल हातात पडेपर्यंत पार्ट पेमेंट झालं असं समजायचं नाही. एसएमएस आला, पावती आली, ॲपमध्ये हिरवी खूण आली, काही झालं तरी नाही. नवं आलं की जुन्याशेजारी लावा आणि तीन जागा बघा. बाकी मुद्दल ५० हजारांनी कमी झालंय का? हप्ता तोच आहे का? शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का? आपल्या उदाहरणात ४८ हप्ते उरले होते, ते ४१ व्हायला हवेत. तारीख हललीच नसेल तर पैसे एक्सेसमध्ये पडलेत, दुसरं काही झालेलं नाही. लोनचं स्टेटमेंट मागवा, त्यात तुमच्या ५० हजारांसमोर काय लिहिलंय ते वाचा आणि परत मेल करा. दाद देत नसतील तर लेखी तक्रार करायची, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जायचं. फी लागत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पार्ट पेमेंट कराल तेव्हा? पुन्हा नवं शेड्यूल. दर वेळी. गेल्या वेळी दिलं होतं, या वेळीही देतील, असं नसतं.

एक सावधगिरी तारखेची. हप्त्याच्या तारखेच्या आजूबाजूला पार्ट पेमेंट करू नका. हप्त्याची मागणी दोन-तीन दिवस आधीच तुमच्या बँकेकडे गेलेली असते, त्यात गोंधळ होतो. हप्ता कापला गेला की चार-पाच दिवसांनी भरा. आणि बचत खात्यात पुढच्या हप्त्यापुरते पैसे शिल्लक ठेवा. जोशात सगळे लोनला भरून हप्ता बाउन्स झाला तर दोन्हीकडून दंड.

दुसऱ्या बँकेत कमी दराने लोन नेण्याबद्दल फार बोलत नाही. जुन्या बँकेचा फोरक्लोजर आकार (लोन मुदतीआधी पूर्ण बंद करण्याचा), नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, दोन्हीवरचा जीएसटी यांची बेरीज करा आणि उरलेल्या मुदतीत वाचणाऱ्या व्याजाशी ताडून बघा. मुदत वाढवून घेतली तर तुलना करण्यातच अर्थ नाही. आणि ‘सर, सोबत २ लाख टॉप-अप देतो’ म्हटलं की फोन ठेवा.

लोन पूर्ण बंद करताना: फोरक्लोजर लेटर मागवा, त्यातली रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच चालते, तेवढीच आणि तोवरच भरा. एक्सेसमध्ये काही पडलं असेल तर ते वजा केलंय का बघा, शेड्यूलवर लक्ष ठेवलं असेल तर नसेलच. एनओसी, म्हणजे काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र, घ्या, खाते क्रमांक आणि नाव तपासून. सहीचे कोरे चेक दिले असतील तर परत घ्या. नॅच मँडेट (खात्यातून हप्ता कापायला दिलेली परवानगी) रद्द करा, आपोआप होईल या भरवशावर राहू नका. लोनसोबत इन्शुरन्स गळ्यात मारला असेल तर त्याच्या परताव्याचं विचारा. एनओसीचा फोटो आईच्या फोनवरही.

महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट बघा, तुमच्या सगळ्या कर्जांची नोंद त्यात असते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तिथे लोनसमोर ‘क्लोज्ड’ हवं. ‘ॲक्टिव्ह’ किंवा, त्याहून वाईट, ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) दिसलं तर त्यांच्याच साइटवर तक्रार टाका, एनओसी जोडा. ३० दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रार क्रमांक जपून ठेवा.