जुन्या मोटारीच्या ब्रेकमधले व्हॉल्व्ह कसे बदलावेत

पाना-पक्कड चालवायचं काम अर्ध्या दिवसाचं असतं. खरा वेळ घालवावा तो गाडीत कोणता व्हॉल्व्ह आहे आणि तो कशासाठी बसवला आहे, हे ओळखण्यात. पितळेचा ठोकळा बाहेरून सारखाच दिसतो म्हणून दुसऱ्या गाडीचा लावला, तर नवाकोरा असूनही जोरात ब्रेक मारल्यावर गाडीची मागची बाजू फिरू शकते. हे व्हॉल्व्ह त्या-त्या गाडीचं वजन, व्हील सिलिंडरचा (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचा) व्यास आणि पुढे डिस्क ब्रेक आहे (चकतीला पॅड दाबणारा) की ड्रम (पिंपाच्या आतून शू दाबणारा) हे बघून जुळवलेले असतात.

आधी व्हॉल्व्ह ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ रेसिड्युअल व्हॉल्व्हचा होतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये थोडा दाब राखतो: ड्रमसाठी साधारण १० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, दाबाचं एकक), डिस्कसाठी २ पीएसआय. ड्रममध्ये या दाबाने व्हील सिलिंडरमधले रबरी कप भिंतीला चिकटून राहतात आणि पेडल परत येताना हवा आत ओढली जात नाही. डिस्कला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो तो मुख्यतः मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) गाडीच्या तळाशी, कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापेक्षा) खाली असेल तर. नाहीतर ऑइल उतारावरून मागे वाहून येतं आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जातं.

ड्रम काढून डिस्क बसवलेल्या गाड्यांत १० पीएसआयचा जुना व्हॉल्व्ह तसाच राहून गेलेला सर्रास सापडतो. पॅड सतत घासतात, चाक तापतं, आणि दोष मात्र कॅलिपरवर येतो. कारण साधं आहे. बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये हा व्हॉल्व्ह आउटलेटच्या पितळी सीटमागे लपलेला असतो. लाइन काढून त्या भोकात बारीक, बोथट तार हलकेच सरकवा. थोड्याच अंतरावर मऊ रबराला अडली तर व्हॉल्व्ह आत आहे. तो असताना बाहेरून दुसरा जोडू नका.

मीटरिंग व्हॉल्व्ह पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या गाड्यांत असतो. मागच्या शूच्या स्प्रिंगा ताणल्या जाईपर्यंत तो पुढच्या डिस्कचा दाब अडवून धरतो. तो निकामी झाला की हलका ब्रेक लावतानाच गाडीचं नाक खाली जातं.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचं काम याच्या उलट टोकाला. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात; म्हणून ठराविक दाबानंतर हा व्हॉल्व्ह मागच्या लाइनचा दाब पुढच्यापेक्षा कमी दराने वाढू देतो. काही गाड्यांत तो मागच्या अॅक्सलला स्प्रिंगने किंवा दांड्याने जोडलेला असतो आणि गाडीवरच्या ओझ्याप्रमाणे दाब बदलतो. अशा व्हॉल्व्हची जुळणी चाकं जमिनीवर टेकलेली असतानाच करावी लागते.

दोन सर्किटच्या (ब्रेक लाइनचे दोन स्वतंत्र भाग असलेल्या) गाड्यांत एका सर्किटचा दाब गेला की डॅशवरचा दिवा लावणारा डिफरन्शियल व्हॉल्व्हही असतो. मीटरिंग, प्रपोर्शनिंग आणि हा, असे तिन्ही एकाच ठोकळ्यात असले की त्याला कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह म्हणतात.

सामान आणि आटे

नवा व्हॉल्व्ह, ब्रेक ऑइलची सीलबंद १ लिटरची बाटली, फ्लेअर नट पाना (पाइपाचा नट जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा), उघड्या पाइपांसाठी रबरी टोप्या, पारदर्शक नळी, गंज सोडवणारं तेल आणि घोड्या (गाडी पेलून धरणारे स्टँड). गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही.

व्हॉल्व्ह मागवण्यापूर्वी आटे मोजा. अमेरिकी गाड्यांत ३/१६ इंची पाइपाला बहुधा ३/८-२४ आट्याचा नट असतो आणि १/४ इंचीला ७/१६-२४. युरोपीय गाड्यांत १० मिमी, १ मिमी पिचचा आटा आणि बबल फ्लेअर (पाइपाचं फुगवलेलं टोक). ३/८-२४ चा नट १० मिमीच्या भोकात एक-दोन फेरे जातो, बसल्यासारखा वाटतो आणि मग दोन्हीकडचे आटे मारतो. फ्लेअरही बदलता येत नाही: डबल फ्लेअरच्या (दुमडून पसरवलेल्या टोकाच्या) सीटवर बबल फ्लेअर कितीही आवळला तरी पाझरतच राहणार. टेफ्लॉन टेपने यात काही साधत नाही, कारण फ्लेअर जोडात गळती आटे थांबवत नाहीत, पाइपाचं टोक आणि सीट थांबवतात. टेपचे तुकडे आत गेले की व्हॉल्व्ह अडकतो, ते वेगळंच.

ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलचे, एकमेकांत चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते त्यांत मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र नाव सारखं असूनही ग्लायकॉलचंच.

जुना काढताना

आदल्या दिवशी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. व्हॉल्व्हचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक पाइपाला चिठ्ठी बांधा. ग्लायकॉलचं ऑइल रंग खातं, म्हणून आसपासच्या पत्र्यावर फडकी टाका; सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आता बॅटरीची तार काढा आणि पेडल साधारण ३ सेंटीमीटर दाबून लाकडाच्या पट्टीने तसंच अडकवून ठेवा. यामुळे मास्टर सिलिंडरमधला कप टाकीकडचं भोक ओलांडून पुढे जातो आणि पाइप उघडे असले तरी टाकी रिकामी होत नाही. बॅटरी काढायची ती एवढ्यासाठी की पेडल दाबलेलं असताना ब्रेकचे दिवे तासन्‌तास जळत राहतील. साठलेला दाब जावा म्हणून पुढचा आणि मागचा एकेक ब्लीडर निप्पल (चाकाजवळचा हवा काढायचा छोटा स्क्रू) क्षणभर उघडून बंद करा.

नट सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या, गंजाचा थर तुटतो. मग उलटा फिरवा आणि नजर पाइपावर ठेवा. नटाबरोबर पाइपही पिळवटतो आहे असं दिसलं की तिथेच थांबा. पिळलेला पाइप आतून चिरतो आणि पुढे कधीतरी भर ब्रेकमध्ये फुटतो. अशा वेळी पाइप नटाजवळ कापा, नट सहा कोनी सॉकेटने काढा आणि तेवढा पाइप नवा करा, स्टीलचा किंवा तांबे-निकेलचा. निव्वळ तांब्याचा नको. तो कंपनाने कडक होऊन तडकतो. नट सुटावा म्हणून बर्नर तर अजिबात लावू नका, ब्रेक ऑइल पेट घेतं.

नवा बसवताना

रेसिड्युअल व्हॉल्व्हवरचा बाण चाकाकडे हवा. अॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवत असाल तर तो फक्त मागच्या लाइनमध्ये, आणि जुन्या ठोकळ्यातलं प्रपोर्शनिंग आधी काढून किंवा बायपास करून. दोन्ही एकामागोमाग राहिले तर मागचे ब्रेक नावालाच उरतात.

सगळे नट आधी बोटांनी, निदान तीन फेरे. एखादा जात नसेल तर पाइप हाताने सरळ करा, पाना लावू नका. सगळे लागल्यावरच ठोकळ्याचा मुख्य बोल्ट घट्ट करा आणि मग नट आवळा. ३/१६ इंची पाइपाला १५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. पाझरलं तर एकदा सोडून पुन्हा आवळा, म्हणजे फ्लेअर सीटवर नीट बसतो.

हवा काढणे

पेडलची पट्टी काढा. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. तिरपी सर्किटं (एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक एकत्र) असतील तर मॅन्युअलचा क्रम पाळा. पेडल सावकाश दाबा, पण तळाला टेकवू नका. जुन्या मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो आणि कप त्यावर फाटतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

प्रेशर ब्लीडर (टाकीतून दाबाने ऑइल ढकलणारं साधन) वापरत असाल तर त्याचा दाब एवढा कमी असतो की मीटरिंग व्हॉल्व्ह पुढची लाइन बंदच ठेवतो, आणि पुढच्या चाकांतून काहीच येत नाही. व्हॉल्व्हची पिन क्लिपने धरून ठेवावी लागते. काही दाबायच्या असतात, काही ओढायच्या. काम झाल्यावर क्लिप काढायची राहू नये.

बॅटरी परत जोडून इग्निशन चालू केल्यावर ब्रेकचा दिवा विझत नसेल, तर डिफरन्शियल व्हॉल्व्हचा पिस्टन एका बाजूला सरकला आहे. शेवटी ज्या सर्किटची हवा काढली त्याच्या विरुद्ध सर्किटचा निप्पल थोडा उघडा आणि पेडल अगदी हळू दाबा. दिवा विझला की त्याच क्षणी निप्पल बंद.

तपासणी

पूर्ण जोर लावून पेडल एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी पाझर आहे किंवा मास्टर सिलिंडरचे कप गेले आहेत. दाबल्यावर लिबलिबीत लागत असेल तर हवा उरली आहे. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर टेकवून बघा, डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर उमटतो.

मग मोकळ्या, सपाट जागी ताशी १५-२० किलोमीटरने दोन-तीनदा थांबून बघा आणि उतरून प्रत्येक चाकाला हात लावा. एखादंच गरम असेल तर तिथे दाब अडकतो आहे. अॅडजस्टेबल व्हॉल्व्ह असेल तर मागचा दाब सर्वांत कमी ठेवून सुरुवात करा. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून जोरात ब्रेक मारत तो थोडा-थोडा वाढवा. नेहमी पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. मागची एकदा जरी आधी लॉक झाली, तरी अर्धा फेरा मागे घेऊन नॉब तिथेच घट्ट करा. आठवडाभर गाडी चालवल्यावर सगळे जोड पुन्हा टिश्यू पेपरने तपासा आणि टाकीतली पातळी बघा.