गच्चीवरच्या काँक्रीटवरचे गंजाचे डाग

कुंड्यांच्या लोखंडी स्टँडखाली पडणारा तांबूस गोल डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने निघतो. जुन्यासाठी प्लास्टिकच्या बादलीत 1 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा. ते विषारी असते, हातमोजे हवेतच. फरशी आधी ओली करून द्रावण ओता, 15 मिनिटांनी नायलॉन ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून पुन्हा गंजतात. ब्लीचने गंज निघत नाही. बाथरूमचे तेजाब तर सिमेंटच खाते. स्टँडच्या पायांना रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) लावून खाली रबरी टोप्या बसवा. डाग भेगेतून झिरपत असेल तर काँक्रीटच्या आतली लोखंडी सळई गंजतेय, तिथे घासून उपयोग नाही.