कॅसेटवरचा राग संगणकात नेताना

मैफलींच्या जुन्या कॅसेट कोकणात शक्यतो मार्च ते मेमध्येच बाहेर काढाव्यात. पावसाळ्यातल्या दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी फीत वाजवली की बुरशी हेडला (यंत्राचा फीत वाचणारा भाग) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे १ जीबी होते. वेव्हमध्ये टॅगचा (फाइलीतच लिहायच्या माहितीच्या रकान्यांचा) भरवसा नसतो, म्हणून साठवण फ्लॅक या फाइल-प्रकारात.

टॅग भरण्याआधी पट्टी (गायकाचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या ज्या पट्टीवर लागतो ती) तपासा. गायकाची पट्टी काळी एक आणि फाइलमधला षड्ज अर्धा सूर वर, पांढरी दोनला लागत असेल, तर फीत साधारण ६ टक्के जोरात पळाली आहे.

शीर्षक, कलाकार, अल्बम ही चौकट मुळात सुट्या गाण्यांची. ख्यालाला ती पुरत नाही. राग, ताल, बंदिशीचे बोल, साथीदार, पट्टी असे रकाने स्वतः तयार करा. विलंबित (संथ) एकताल आणि द्रुत (जलद) तीनताल एकाच फाइलीत असू द्या. कापलंत तर बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार) तुटते. फ्लॅकमध्ये ‘ताल’ हा रकाना दोनदा भरता येतो.

नवखे अडकतात ते नावांत. मियाँ मल्हार, मियां मल्हार, मियामल्हार म्हणजे शोधताना तीन राग! आधी वहीत प्रत्येक रागाचं एकच लेखन ठरवा. पण यमन आणि यमनकल्याण उगाच एकत्र करू नका. कलाकाराच्या रकान्यात ‘पं.’ नको, नाहीतर निम्मा संग्रह ‘प’खाली गोळा होतो. ‘केसरबाई’मधलं ‘बाई’ मात्र नावाचाच भाग.

नाट्यपदांना आणखी तीन रकाने लागतात. ‘मानापमान’चं (१९११) पद असेल तर नाटककार खाडिलकर, संगीत गोविंदराव टेंबे आणि गायक जो कोणी असेल तो. हे तिघे एका ओळीत कोंबले की टेंब्यांच्या चाली वेगळ्या काढता येत नाहीत.

वेष्टनावर ‘कोजागिरी ८४’ एवढंच असतं. त्या वर्षीचं पंचांग पाहून तारीख भरा, मूळ शब्द टिपणीत जसेच्या तसे ठेवा. राग ओळखता आला नाही तर रकाना रिकामा सोडा. अंदाजाने लिहिलेला ‘मारवा’ पुढचा माणूस खरा धरतो, आणि तो कदाचित त्याच सुरांचा पूरिया असतो.