रन करण्याआधी उत्तर लिहा
पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण कोरी फाइल उघडली की हात थांबतात. म्हणून उदाहरण कॉपी-पेस्ट न करता स्वतः टाइप करा आणि रन करण्याआधी स्क्रीनवर काय येईल ते वहीत लिहा. समजा, इनपुट (कीबोर्डवर टाइप केलेलं घेणारी आज्ञा) वापरून दोनदा 5 घेतले आणि त्यांची बेरीज छापली. तुम्ही वहीत 10 लिहाल. स्क्रीनवर येईल 55, कारण इनपुटमधून आलेलं सगळं पायथन मजकूर म्हणून धरतं आणि मजकुराची बेरीज करताना तो एकापुढे एक जोडतं. इथेच थांबा, घाईने पुढच्या धड्याकडे जाऊ नका. दोन्हींना इंट (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) लावून पुन्हा चालवा. एरर आली तर आधी शेवटची ओळ वाचा; चूक कोणत्या प्रकारची आहे ते तिथे असतं, ओळीचा क्रमांक त्याच्या वर.