अनुभवाच्या जोरावर प्रमाणपत्र मिळवताना

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षे वेल्डिंग करणाऱ्या, पण आयटीआयचा दाखला हाती नसलेल्या कारागिराने ‘पूर्वशिक्षण मान्यता’ म्हणजेच आरपीएलचा मार्ग अवश्य पाहावा. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय असून, तीत पूर्ण अभ्यासक्रम नव्याने न करता अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याचे मूल्यमापन होते.

खरी तयारी अनुभवपत्राची करावी. ‘आमच्याकडे वेल्डर होता’ एवढ्या एका ओळीचे पत्र कमकुवत ठरते. त्याऐवजी कामाचा कालावधी, आर्क की टिग पद्धत, कोणत्या धातूवर आणि किती जाडीच्या पत्र्यावर काम केले, हे मालकाकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. कारखाना बंद पडला की असे पत्र मिळणे फार अवघड जाते, म्हणून काम सोडतानाच ते मागून घ्यावे. यात संकोच मुळीच नको, तो आपल्या श्रमाचा हक्क आहे. आधारवरील आणि बँक खात्यावरील नाव अक्षरशः जुळते का, हेही आधीच तपासावे.

मूल्यमापनात हात चांगला असूनही गॉगल व हातमोजे न घालता काम सुरू करण्याची सवय नडू शकते, तेव्हा ती आजपासूनच मोडावी.