ब्रिटनमध्ये पगार थकलाय? आधी तारीख मोजा
इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये मालकाने पगार बुडवला, तर एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलमध्ये (नोकरीतले वाद ऐकणारे न्यायाधिकरण) दावा लावायची नेहमीची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी. पगार 28 मार्चला मिळायचा होता? मग 27 जून हा शेवटचा दिवस. मुदत सहा महिन्यांवर नेणारा कायदा 2025 मध्ये मंजूर झालाय, तरी तुम्ही तीनच धरून चाला. मुदत संपण्याआधी एकॅस (Acas) या कामगार-मालक वाद मिटवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशनची, म्हणजे दाव्याआधी समेटाच्या प्रयत्नाची नोंद करायलाच हवी. ती मोफत आहे, आणि तेवढ्या काळापुरती मुदत थांबते. "पुढच्या महिन्यात नक्की देतो" या आश्वासनाने मात्र ती थांबत नाही. लोक भिडेखातर नेमके इथेच अडकतात. कंपनीत लेखी तक्रार केल्यानेही थांबत नाही. पेस्लिप, बँक स्टेटमेंट, शिफ्टचे मेसेज जपून ठेवा. मुदत हुकलीच, तर इंग्लंड-वेल्समध्ये करारभंगाचा दावा काउंटी कोर्टात सहा वर्षांपर्यंत लावता येतो.